फोन आला तर वहीत लिहून ठेव

प्रिय,

आकाशवाणीच्या प्रादेशिक वृत्तविभागात नैमित्तिक वृत्तसंपादक म्हणून तुझी निवड झाली, हे वाचून फार आनंद झाला. पत्राच्या शेवटी तू घाईघाईत विचारलेला प्रश्न मात्र मी तीनदा वाचला. मैत्रिणी म्हणतात, तिथे काय, सरकार देईल ते वाचायचं. मग जाऊ की नको? जा. का ते जरा सविस्तर लिहिते.

31 ऑक्टोबर 1984 ला मी कॉलेजात होते. सकाळी इंदिरा गांधींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या गेल्याचं बीबीसीने दिवसाच सांगितलं. आकाशवाणी आणि दूरदर्शनने सांगितलं ते संध्याकाळी. मधले कितीतरी तास आमच्या वाड्यात घरोघरी रेडिओ चालू होते आणि हवी ती एकच बातमी त्यांवर येत नव्हती. शेवटी वरच्या मजल्यावरच्या काकांनी शॉर्टवेव्हवर लंडन लावलं आणि सगळा वाडा त्यांच्या दाराशी जमला. बंगालच्या दौऱ्यावरून परतणारे राजीव गांधीही वाटेत बीबीसीच ऐकत होते, असं सांगतात. उशिराला कारणं असतील. पुढचा पंतप्रधान ठरायचा होता, रस्त्यावर काय होईल याची धास्ती होती. पण आपली पंतप्रधान गेली हे आपल्याला परक्या देशाच्या रेडिओवरून कळावं, हे माझ्या वडिलांना फार लागलं. सकाळच्या बातम्यांवर घड्याळ लावणारा माणूस. त्या दिवसानंतर काही मोठं घडलं की ते म्हणायचे, ‘थांब, बीबीसी काय सांगतंय ते ऐकू.’ शेवटपर्यंत म्हणत राहिले. गेलेला विश्वास परत यायला किती वर्षं लागतात, हे मी घरातच पाहिलं.

रुजू होण्याआधी 1990 चा प्रसार भारती कायदा वाच. आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणारी संस्था ती हीच. एका संध्याकाळीत वाचून होतो. आणीबाणीनंतर नेमलेल्या वर्गीज समितीने 1978 मध्ये स्वायत्त प्रसारणाची शिफारस केली, कायदा व्हायला 12 वर्षं गेली आणि तो प्रत्यक्ष लागू व्हायला आणखी 7. त्यातलं कलम 12 तुझ्या कामाचं. सार्वजनिक महत्त्वाच्या प्रत्येक विषयावर मुक्त, खरी आणि वस्तुनिष्ठ माहिती मिळण्याचा नागरिकाचा हक्क जपायचा, वेगवेगळी मतं समोर ठेवायची, स्वतःची कुठलीही विचारसरणी पुढे रेटायची नाही. हक्क नागरिकाचा आहे, मंत्र्याचा नाही आणि संपादकाचाही नाही. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं सांगितलं. तो मुख्य निकाल आपल्या न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लिहिला, याचा मला अजून अभिमान वाटतो.

आता कलम 23 नीट वाच. देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार अमुक प्रसारित करा किंवा करू नका असा निर्देश देऊ शकतं. हे ऐकून तुझ्या मैत्रिणी म्हणतील, बघ! पण पुढची पोटकलमं बघ. सरकारच्या निर्देशावरून काही प्रसारित केलं, तर तसं त्या प्रसारणातच जाहीर करण्याची मुभा प्रसार भारतीला आहे. आणि अशा प्रत्येक निर्देशाची प्रत संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावी लागते. म्हणजे सरकारला हुकूम द्यायचा असेल तर तो उजेडात द्यावा, अशी कायद्याची रचना आहे.

माझ्या उभ्या नोकरीत असा निर्देश माझ्या टेबलावर एकदाही आला नाही. फोन मात्र पुष्कळ आले. ‘साहेबांची बातमी वर घ्या’, ‘मोर्चाचं आज राहू द्या’. फोनचा माग राहत नाही, म्हणून तर तो फोन असतो. मी एक दोनशे पानी वही ठेवली होती. फोन आला की शांतपणे म्हणायचे, ‘आपलं नाव आणि हुद्दा सांगता का, नोंद करून ठेवते.’ निम्मे फोन तिथेच संपायचे. उरलेल्यांत कधीकधी खरंच उपयोगाची माहिती असायची. तीही त्याच वहीत. पण तू नैमित्तिक आहेस, महिन्याला मोजक्या पाळ्या मिळणार आणि त्या न लावणं कुणालाही सोपं आहे. म्हणून एकटीने अंगावर घेऊ नकोस. नोंद कर, पाळीवरच्या संपादकाला दाखव, निर्णय त्यांना घेऊ दे आणि तोही वेळेसकट लिही.

अडचण एकट्या फोनची नाही. वृत्तविभागांचे प्रमुख बहुधा भारतीय माहिती सेवेचे अधिकारी असतात. आज पत्र सूचना कार्यालयात सरकारची पत्रकं काढायची, उद्या बदली होऊन त्याच सरकारच्या बातम्या निवडायच्या. यांतली कितीतरी माणसं सचोटीची असतात, मी त्यांच्याकडूनच शिकले. तरी ही रचना चुकीची आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. 2014 च्या विजयादशमीला नागपूरहून सरसंघचालकांचं भाषण दूरदर्शनने थेट दाखवलं. 2017 च्या स्वातंत्र्यदिनी त्रिपुराचे मुख्यमंत्री माणिक सरकार यांचं भाषण बदल केल्याशिवाय प्रसारित करायला नकार मिळाला. आणीबाणीत तर यापेक्षा वाईट झालं होतं. पक्ष बदलले, सवय राहिली.

पण तुझ्या हातात काय असेल? क्रियापदं. हसू नकोस. सत्ताधारी ‘स्पष्ट करतात’ आणि विरोधक ‘आरोप करतात’, हे आपल्या बातमीपत्रांत इतकं मुरलंय की कुणाला खटकतही नाही. ‘स्पष्ट केलं’ म्हटलं की ते खरं असल्याची ग्वाही आपण देऊन बसतो. दोघांनाही ‘म्हणाले’ लाव. दुसरं, पालकमंत्र्यांनी टंचाई आढावा बैठक घेतली ही बातमी नाही. टँकर किती गावांना सुरू आहेत, किती गावांनी मागूनही आलेले नाहीत, ही बातमी. जिल्ह्यातल्या अंशकालीन वार्ताहराला फोन कर, तो सांगेल. त्याला विचारणारंच कुणी नसतं. आणि हे लक्षात ठेव की खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच आहेत तशा लावता येतात. रेडिओवर दुसरीकडे पडताळून बघायची सोय ऐकणाऱ्याला नाही.

माझी एक चूक सांगते. पावसाळ्याचे दिवस होते. एका धरणातून 25 हजार क्युसेकने विसर्ग सुरू होता आणि माझ्या कॉपीत अडीच हजार पडले. तसंच वाचलं गेलं. नदीकाठच्या एका गावातून एका शेतकऱ्याचा फोन आला: ‘बाई, पाणी तर मोटारीपाशी आलंय, तुम्ही काय सांगताय?’ मी पुढच्या बातमीपत्राच्या शेवटी एक ओळ टाकायला निघाले होते. माझ्या वरिष्ठांनी कागद हातातून घेतला आणि ती दुरुस्ती पहिल्या क्रमांकावर नेली, ‘आमच्या मागील बातमीपत्रात चूक झाली’ या शब्दांसह. त्या रात्री मी रडले. नंतर कळलं, ज्या वहीत बाहेरचे फोन लिहायचे, तिच्यातच आपल्या चुकाही लिहायच्या असतात. आपण स्वतः हिशेब देत नसलो, तर दुसऱ्याच्या फोनचा हिशेब कुठल्या तोंडाने मागणार?

श्रोते बेफिकीर असतात असं कुणी सांगितलं तर मानू नकोस. जून 2023 मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा निर्णय झाला, तेव्हा इतका विरोध झाला की तो स्थगित करावा लागला. ‘आपला’ म्हणूनच लोक भांडले.

सोमवारी पहाटेची पाळी आहे म्हणालीस. रविवारीच वही घेऊन ठेव, जाड पुठ्ठ्याची. मी रेडिओ लावून बसेन, आणि काही चुकलेलं कानावर आलं तर लगेच फोन करीन. पहिली नोंद माझ्या नावाची होऊ दे.

तुझ्या,
बाई