इंडोनेशियातल्या शहरांमधल्या सार्वजनिक जागांवर अभ्यास करायचा असेल तर सुरुवात कुठल्या शहरापासून करावी?

जकार्ता घेऊ नका. निदान पहिलं शहर म्हणून तरी नको.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: नगररचनेच्या प्रबंधासाठी हा विषय घ्यायचाय, जकार्ता की बांडुंग ते ठरत नाहीये, आणि तुमच्या मार्गदर्शकांचं म्हणणं पडलं की तिथं सगळे मॉलमध्ये जातात, मग अभ्यासाला उरतं काय? मी नगररचनेतलीच आहे आणि सुराबायाला राहून काही काळ काम केलंय, त्या जोरावर लिहितेय. उत्तर जावा बेटापुरतंच आहे.

आधी मॉलचं बघू. मॉल आहेत, भरपूर आहेत, आणि गच्च भरलेले असतात. बाहेर चिकचिकाट, आत गारवा, नमाजाची खोली, स्वच्छ शौचालय, लहान मूल मोकळं सोडता येईल अशी फरशी. एवढं फुकट मिळाल्यावर माणसं जाणारच, त्यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. पण दुपारी दोनला उद्यानाचे फोटो काढून ‘जागा ओस पडली आहे’ असा निष्कर्ष काढू नका. जावातलं शहर मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, नमाजानंतर घराबाहेर पडतं. संध्याकाळी सहापर्यंत जो नुसता फुटपाथ होता तिथं सातला चटया अंथरलेल्या असतात, हातगाड्या लागलेल्या असतात आणि लोक कॉफी पीत मध्यरात्रीपर्यंत बसतात. रमजानमध्ये पुन्हा वेगळं: उपास सोडायच्या आधीच्या दीड-दोन तासांत खाण्याचा अख्खा बाजार रस्त्याच्या कडेला उभा राहतो आणि अंधार पडेपर्यंत विरूनही जातो. त्यामुळे ‘जागा किती’ यापेक्षा ‘कुठल्या वेळी कुणाची, आणि कुणाच्या परवानगीने’ हा प्रश्न धरलात तर विषय हाताला लागेल. माझं सगळं म्हणणं याच एका प्रश्नाभोवती आहे.

जकार्ता नको म्हणते त्यालाही कारण आहे. १९९८ मध्ये सुहार्तोंची राजवट कोसळली, २००१ पासून बरेच अधिकार आणि निधी थेट जिल्ह्यांकडे आणि शहरांकडे गेले, आणि २००५ पासून महापौर थेट जनतेच्या मतांवर निवडून येऊ लागले. आपल्याकडे महापौर फीत कापतो आणि शहर आयुक्त चालवतो. तिथं शहर महापौरच चालवतो. मग पाच वर्षांत मतदाराला दाखवायचं काय? सांडपाण्याची वाहिनी जमिनीखाली जाते, ती कुणाला दिसत नाही. उद्यान दिसतं. सोलोमध्ये जोको विडोडो (२००५ ते २०१२), सुराबायात त्रि रिस्माहारिनी (२०१० ते २०२०), बांडुंगमध्ये रिदवान कामिल (२०१३ ते २०१८) ही माणसं सार्वजनिक जागांच्या कामावर नावारूपाला आली. यातले शेवटचे दोघं शिक्षणाने वास्तुविशारद. रिस्मांनी पेट्रोल पंपांच्या जागा परत घेऊन तिथं उद्यानं केली. कामिल यांनी उड्डाणपुलाखाली सिनेमा बघायचं उद्यान काढलं, एकट्या जिवांसाठी खास ‘सिंगल’ उद्यान काढलं आणि मशिदीसमोरच्या मुख्य मैदानात कृत्रिम हिरवळ अंथरली. (लोक तिथं चपला काढून लोळतात. मला आधी हसू आलं होतं, पण तिथली गर्दी बघितल्यावर कौतुक वाटलं.) जकार्तात मात्र मतदान फक्त गव्हर्नरसाठी होतं, शहरातल्या पाचही महापौरांची नेमणूक गव्हर्नर करतो. म्हणजे मत आणि उद्यान यांचा हा धागा तिथं तितक्या जवळून तपासता येत नाही. शिवाय जकार्तावर इतकं लिहून झालंय की तुमचं पहिलं वर्ष वाचनातच जाईल.

माझं मत सुराबाया. आणि सुराबायातही उद्यानापासून नाही, बोळापासून सुरुवात करा.

तिथल्या शहरांच्या पोटात काम्पुंग, म्हणजे बोळाबोळांच्या जुन्या दाट वस्त्या, असतात. झोपडपट्टी म्हणाल तर ती नव्हे. घरं बहुतेक पक्की, माणसं पिढ्यान्‌पिढ्यांची, जमिनीचे कागद मात्र कुणाकडे आहेत, कुणाकडे नाहीत. १९६९ मध्ये जकार्ताचे गव्हर्नर अली सादिकिन यांनी काम्पुंग सुधार कार्यक्रम सुरू केला. त्याची रीत साधी होती: घरं पाडायची नाहीत, माणसं हलवायची नाहीत, फक्त फरसबंदी पायवाट, गटारं, नळ आणि सार्वजनिक संडास द्यायचे. १९७४ पासून त्याला जागतिक बँकेचं कर्ज मिळालं, १९८० मध्ये आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. सुराबायाच्या कार्यक्रमालाही १९८६ मध्ये तोच पुरस्कार मिळाला. तिथल्या तंत्रज्ञान संस्थेतले योहान सिलास यांचं नाव या कामाशी जोडलेलं आहे. पायवाट कुठून न्यायची, कुणाचा ओटा किती मागे घ्यायचा, हे रहिवाशांनी आपसांत ठरवायचं, असा तिथला शिरस्ता.

त्या पायवाटा आज बघण्यासारख्या आहेत. रुंदी दीड-दोन मीटर. तोंडाशी पाटी असते: इंजिन बंद करा, मोटरसायकल ढकलत न्या. आणि लोक खरंच ढकलत नेतात. दोन्ही बाजूंना कुंड्या, पिंजऱ्यातले पक्षी, बाकडी, एखादीने दारात मांडलेलं नाश्त्याचं टेबल, वाटेवरच रांगणारी पोरं. लग्न असलं की मांडव घालून अख्खा बोळ बंद. १७ ऑगस्टला, त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, तिथंच स्पर्धा होतात. विकास आराखड्यात ही सगळी जागा ‘रस्ता’ म्हणून रंगवलेली असते.

आता आपला प्रश्न लावा: ही जागा कुणाची? मांडव घालायचा तर ‘आर-ते’च्या प्रमुखाला सांगावं लागतं. आर-ते म्हणजे काही डझन कुटुंबांचा शेजारगट. त्यांच्या वर ‘आर-वे’, म्हणजे अशा काही गटांचा मिळून समूह. या रचनेची मुळं दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी ताब्यात आहेत. लोकांवर नजर ठेवायला उभी केलेली व्यवस्था आज झाडलोट, रात्रीची गस्त, वर्गणी आणि ओळखपत्राची शिफारस असं सगळं बघते. सुरक्षित वाटतं ते तिच्यामुळे, आणि अनोळखी माणसाला ‘कुणाकडे चाललात?’ असं हसून विचारलं जातं तेही तिच्यामुळेच. भाड्याने राहणारा कामगार किंवा एकटी राहणारी मुलगी त्या बाकड्यावर किती हक्काने बसू शकते? एका बोळात महिनाभर बसलात तर एवढ्यावर एक आख्खं प्रकरण लिहून होईल.

तिथून मग उद्यानात जा. सुराबायाचं बुंकुल उद्यान घ्या. त्याला २०१३ मध्ये आशियाई पातळीवरचा नगरदृश्य पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी फुकट आइस्क्रीम वाटपाच्या एका कार्यक्रमात झुंबड उडून झाडं तुडवली गेली आणि महापौरबाई आयोजकांवर जाहीरपणे कडाडल्या, ती चित्रफीत देशभर पाहिली गेली. पण मला महत्त्वाचं वाटतं ते उद्यानाच्या मागे आहे. तिथं सुनान बुंकुल या संतांची कबर आहे, दर्शनाला माणसं येत राहतात, आणि विक्रेत्यांना रस्त्यावरून उठवून मागच्या बाजूला ओळीने गाळे दिलेले आहेत. एकाच जागी भाविक, स्केटबोर्डवाली पोरं, विक्रेते आणि महापालिकेचे माळी. कोण कुणाला कधी वाट देतं, हे टिपायला याहून सोयीची जागा मला माहीत नाही.

विक्रेत्यांचा विषय निघालाच आहे तर सोलोची गोष्ट तुम्हाला टाळता येणार नाही. तिथल्या बांजारसारी उद्यानात ९८९ विक्रेते बसत होते. २००६ मध्ये त्यांना बळ न वापरता हलवलं गेलं. महापौर जोको विडोडो त्यांच्या पुढाऱ्यांना पुन्हापुन्हा निवासस्थानी जेवायला बोलवत राहिले, ५४ वेळा असं सांगितलं जातं, आणि शेवटच्या जेवणाला म्हणाले की आता तुम्हाला हलवायचंय. मग पारंपरिक पोशाखात वाजतगाजत मिरवणूक निघाली आणि विक्रेते नव्या बाजारात गेले. गाळे मोफत, रोजची पावती भरायची. ही गोष्ट इतकी गाजली की पुढे राष्ट्राध्यक्षपदापर्यंत गेलेल्या त्यांच्या राजकीय कारकिर्दीची ती जणू प्रस्तावना झाली. हातगाड्या ओढून नेणारी अतिक्रमणविरोधी गाडी रोज बघणाऱ्या आपल्यासारख्यांना ती परीकथाच वाटते. मलाही ती आवडते. पण अभ्यासक म्हणून तिला चिमटे काढा. मिरवणुकीच्या दिवशी बाजार भरलेला असतो, पाच वर्षांनी कोण टिकलं? यादी झाल्यावर उद्यानाशी आलेल्या नव्या फिरत्या विक्रेत्याला कोण जेवायला बोलावणार? आणि मोकळ्या झालेल्या उद्यानात आता कोण बसतं?

योग्यकार्ताबद्दल दोनच ओळी. राजवाड्यासमोरचं उत्तरेचं मैदान, मधोमध दोन वड असलेलं, पाहायला सार्वजनिक वाटतं, पण जमीन राजवाड्याची आहे आणि २०१२ च्या विशेष कायद्याने राजवाड्याची मालकी मान्य केली आहे. २०२० मध्ये त्याला कुंपण पडलं. २०२२ च्या फेब्रुवारीत मालिओबोरो रस्त्यावरचे १,८०० हून जास्त विक्रेते फुटपाथवरून उठवून इमारतींत बसवले गेले आणि २०२३ मध्ये राजवाडा आणि मालिओबोरो ज्या सरळ रेषेत येतात त्या संपूर्ण अक्षाला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. हा क्रम लक्षात ठेवा.

एक सापळा सांगून ठेवते, तो टक्क्यांचा. २००७ च्या २६ क्रमांकाच्या अवकाश नियोजन कायद्याप्रमाणे प्रत्येक शहराच्या क्षेत्रफळाच्या ३० टक्के जागा हिरवी मोकळी हवी, त्यातली २० टक्के सार्वजनिक आणि १० टक्के खासगी. जकार्ताची सार्वजनिक हिरवळ एक आकडी टक्क्यांतच अडकून आहे. त्यामुळे अर्धेअधिक प्रबंध ‘तूट किती’ याचं गणित मांडून संपतात. या हिशोबात दफनभूमी आणि दुभाजकावरची झाडंही धरली जातात, आणि मी वर वर्णन केलेला बोळ त्यात शून्य असतो, कारण तो हिरवा नाही. उपग्रहाच्या चित्रावरून हे काम पुण्यात बसूनही होईल, त्यासाठी विमानाचं तिकीट काढू नका.

हे सगळं वाचूनही जकार्ताच हवं असेल, तर उद्यानाची तूट सोडा आणि २०२२ चं साल घ्या. त्या वर्षी एप्रिलमध्ये तेबेत इको पार्क खुलं झालं: सिमेंटच्या नाल्याला पुन्हा वळणं देऊन, काठ मातीचे करून केलेलं देखणं काम. गर्दी इतकी लोटली, आजूबाजूच्या गल्ल्यांत गाड्या आणि विक्रेते इतके झाले की जूनमध्ये ते बंद करून ऑगस्टमध्ये पुन्हा उघडावं लागलं. त्याच दरम्यान, जुलैत, दुकुह आतास स्थानकाबाहेर चितायाम, बोजोंगगेदे अशा दूरच्या उपनगरांतली पोरंपोरी लोकलने यायला लागली. भाडं तीन हजार रुपियापासून सुरू होतं, म्हणजे आपले पंधरा-सोळा रुपये. स्वस्तातले पण झोकदार कपडे घालून ती झेब्रा क्रॉसिंगवरून रुबाबात चालायची, लोक चित्रण करायचे, आणि या प्रकाराला ‘चितायाम फॅशन वीक’ असं नाव पडलं. बघता बघता बडी मंडळी तिथं चालायला आली, एका प्रसिद्ध कलाकाराने त्या नावावर व्यापारचिन्हाचा हक्कही मागितला आणि ओरड झाल्यावर मागे घेतला. महिनाअखेरीस पोलिसांनी क्रॉसिंग बंद करून पोरांना घरी पाठवलं. आशियाई खेळांसाठी २०१८ मध्ये रुंद केलेले तिथले फुटपाथ नेमके कुणासाठी होते, हे त्या एका महिन्यात उघड झालं. हा विषय कुणी मराठी विद्यार्थ्याने घ्यावा असं मला फार वाटतं, कारण लोकलने शहरात येऊन ‘इथं बसू नका’ ऐकणं हे कल्याण-विरारच्या पोरांना समजावून सांगावं लागत नाही.

आता कामाचं. परदेशी अभ्यासकाला क्षेत्रकामासाठी तिथल्या राष्ट्रीय संशोधन संस्थेची, ‘ब्रिन’ची, परवानगी आणि नैतिक मंजुरी लागते. पर्यटक व्हिसावर जाऊन मुलाखती घेऊ नका, २०१९ च्या विज्ञान कायद्यात त्यासाठी शिक्षा आहे. स्थानिक भागीदार संस्था लागते, म्हणून सुराबायातली तंत्रज्ञान संस्था, योग्यकार्तातलं गाजा मादा विद्यापीठ किंवा बांडुंगची तंत्रज्ञान संस्था (नियोजनाचा विभाग १९५९ पासूनचा) यांच्यापैकी कुणाशी आत्ताच पत्रव्यवहार सुरू करा. जकार्ता घेतलंत तर रुजाक या शहर-अभ्यास केंद्राची मंडळी गरीब वस्त्यांच्या बाजूने वर्षानुवर्षं काम करतायत, २०१६ मध्ये पाडलेलं काम्पुंग आक्वारियम पुन्हा उभं राहिलं त्यातही ती होती. विद्यापीठाची आणि ब्रिनची कागदपत्रं हातात असली तरी बोळात शिरताना आर-ते प्रमुखाच्या घरी जाऊन बसणं चुकत नाही. चहा येईल, गोड असेल, संपवा.

भाषा शिकाच. लिपी रोमन आहे, क्रियापदाला काळ नाही, लिंग नाही, आणि संस्कृतातून गेलेले ढीगभर शब्द ओळखीचे निघतात. सहा महिन्यांत बोळातल्या गप्पा कळायला लागतील. फक्त सुराबायात लोक घरात जावानीज बोलतात, ती वेगळी भाषा आहे, तेव्हा तिथली एखादी विद्यार्थिनी सोबतीला घ्या आणि तिच्या मानधनाची तरतूद अंदाजपत्रकात आधीच करून ठेवा.