नदीविना उभी राहिलेली नगरे

प्रश्न : मोठ्या संस्कृती नदीकाठी वाढल्या, असे आपण शाळेत शिकतो, मग मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतील प्राचीन माया लोकांची नगरे नद्या नसलेल्या प्रदेशात कशी उभी राहिली?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : मेक्सिकोतील युकातान द्वीपकल्पाच्या उत्तर भागात पाऊस पडतो, पण तेथील चुनखडीचा खडक तो जिरवून टाकतो आणि पाणी जमिनीखालून वाहते. खडकाचे छत जेथे कोसळले, तेथे उभ्या कड्यांचे खोल डोह तयार झाले; त्यांना ‘सेनोते’ म्हणतात. तेथील चिचेन इत्सा या माया नगराच्या नावाचा अर्थच ‘इत्सांच्या (एका माया गटाच्या) विहिरीच्या मुखाशी’ असा आहे. दक्षिणेकडील, आजच्या ग्वातेमालातील तिकाल या नगराला मात्र असा आधार नव्हता. तेथील लोकांनी चुन्याचा गिलावा केलेल्या चौकांना उतार देऊन पावसाचे पाणी बांधीव तलावांत वळवले आणि कोरड्या महिन्यांसाठी साठवले. मासुंदा तलावाजवळ राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ही सोय परकी वाटू नये. पाण्याप्रमाणेच वाहतुकीचाही प्रश्न होता : ओझ्याची जनावरे नसल्यामुळे ग्वातेमालाच्या डोंगरांतील, पात्यांसाठी लागणारी काळी ज्वालामुखी काच माणसांच्या पाठीवरून आणि होड्यांतून येई. पाणी विखुरलेले म्हणून सत्ताही विखुरलेली राहिली, असे म्हटले जाते. मला ते अर्धेच पटते, कारण उसुमासिंता या मोठ्या नदीकाठची याश्चिलान आणि पिएद्रास नेग्रास ही नगरेही एका सत्तेखाली न येता परस्परांशी झगडत राहिली.