लंडनजवळ जंगलात लपलेला एखादा प्राचीन किल्ला आहे का?

आहे, आणि ट्यूबच्या, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेच्या, तिकिटात होतो. सेंट्रल लाइननं लाउटनला उतरा. तिथून चालत गेलात की एपिंगच्या जंगलात ‘लाउटन कॅम्प’ लागतो. लोहयुगातला, इ.स.पू. ५००च्या सुमाराचा.

फक्त राजगड-तोरणा डोळ्यांसमोर ठेवून जाऊ नका. मी तसाच गेलो होतो. पहिल्या खेपेला बुरूज शोधत तटावरूनच चालत गेलो आणि किल्ला काही सापडला नाही म्हणून परत आलो! इथे चिरेबंदी वगैरे भानगड नाही. खंदक खणायचा, निघालेली माती आतल्या बाजूला रचायची, झाला तट. अडीच हजार वर्षांच्या पावसात तो खचला आणि खंदक पाचोळ्यानं भरत गेला. आता दिसतो तो शेताच्या बांधाचा थोरला भाऊ, फक्त हा वळत वळत पुन्हा सुरुवातीच्या जागी येतो. खुद्द इंग्रजांच्याही तो थेट १८७२ मध्ये लक्षात आला, तोवर नाही, त्यामुळे मी फारसा ओशाळलो नाही.

दुसऱ्या खेपेला अक्कल आली. खंदकात उतरून उभा राहिलो. वरून सपाट वाटणाऱ्या त्याच बांधाची चढण खालून बघितल्यावर कळली.

तिथली झाडंही नीट बघा. माणसाच्या उंचीपर्यंत जाडजूड बुंधा, आणि तिथून एकदम पाच-सात फांद्या सरळ वर. पूर्वी गावकऱ्यांना हिवाळ्यात सरपण तोडायचा हक्क होता. कोवळे फुटवे गुरांनी खाऊ नयेत म्हणून ते एवढ्या उंचीवर छाटत. १८७८ च्या एपिंग जंगलाच्या कायद्यानंतर ही तोड बंद झाली आणि फांद्या तशाच वाढत गेल्या.

उत्तरेला, एपिंगच्या वाटेवर, ‘अँब्रेसबरी बँक्स’ नावाचा दुसरा कोट आहे. मला विचाराल तर तिथला बांध जास्त ठसठशीत. रोमनांविरुद्ध बंड करणाऱ्या ब्रिटनच्या राणी बूडिकाची शेवटची लढाई इथेच झाली, असं काहीजण छातीठोकपणे सांगतील. ऐकून घ्या, पण पुरावा काही नाही. कोट तिच्या काळाच्या कितीतरी शतकं आधीचा. १८८१ मध्ये पुरातत्त्वज्ञ पिट-रिव्हर्स यांनी तिथे उत्खनन केलं होतं.

जायचं तर नोव्हेंबर ते मार्चमध्ये, पानं गळलेली असताना. उन्हाळ्यात हिरव्या गचपणात बांध हरवतो. बूट मात्र जुनेच घाला, चिखल कोकणातल्या आषाढासारखा असतो.