साटेलोटे, लागेबांधे आणि संगनमत

एका वाचकाची विचारणा अशी आहे: मंत्री आणि उद्योगपतींच्या व्यवहारांच्या बातम्यांत ‘साटेलोटे’, ‘लागेबांधे’ आणि ‘संगनमत’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. त्यांत काही फरक आहे का? आणि सत्तेशी जवळीक साधून धंदा करण्याला, म्हणजे ‘क्रोनी कॅपिटॅलिझम’ला, मराठीत काय म्हणावं?

फरक आहे, आणि चांगला घसघशीत आहे.

साटेलोटे मुळात सोयरिकीतलं. आपली लेक त्यांच्या मुलाला द्यायची आणि त्यांची लेक आपल्या मुलाला करून घ्यायची, हे साटंलोटं. हुंड्याचा प्रश्न परस्पर मिटतो, मानपानाची फिटंफाट होते. साटं म्हणजे अदलाबदल, ठरलेला सौदा. जागेच्या खरेदीआधी करतात ते साटेखतही यातलंच. हल्ली सगळीकडे ‘साठेखत’ लिहितात, त्यामुळे त्याचा साठ्याशी काही संबंध असावा असं वाटतं. असो. साट्यालोट्याच्या लग्नाची खरी गोम पुढे कळते. इकडे सुनेला माहेरी धाडलं, की तिकडून आपली लेक दारात उभी! म्हणून दोन्ही घरं एकमेकांचं मुकाट्याने झाकून नेतात. शब्द राजकारणात आला तो ही गोम बरोबर घेऊनच. देणारा आणि घेणारा दोघेही अडकलेले. एकाने तोंड उघडलं तर दुसरा बुडणार आणि आपल्यालाही घेऊन बुडणार.

महाराष्ट्रातलं ठळक उदाहरण सिमेंट प्रकरणाचं. १९८१ साली सिमेंटचा भाव आणि वाटप सरकारच्या हाती होतं. परमिट असेल तर बांधकाम, नाही तर काळा बाजार. त्या वेळी मुख्यमंत्री होते बॅरिस्टर अंतुले. त्यांनी काढलेल्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानला मुंबईच्या बिल्डरांनी देणग्या दिल्या आणि त्या बिल्डरांना सिमेंटचा कोटा मिळाला. ऑगस्ट १९८१च्या अखेरीस पत्रकार अरुण शौरी यांनी इंडियन एक्स्प्रेसमध्ये हे प्रकरण बाहेर काढलं. जानेवारी १९८२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. लेंटिन यांनी देणगी आणि कोटा यांची सांगड असल्याचं म्हटलं आणि अंतुले यांना पायउतार व्हावं लागलं. (फौजदारी खटला मात्र वर्षानुवर्षं रेंगाळला आणि त्यात त्यांच्यावर दोष शाबीत झाला नाही, हेही सांगायला हवं.) इंग्रजी निकालांत अशा ‘याच्या बदल्यात ते’ व्यवहाराला ‘क्विड प्रो को’ म्हणतात. त्यासाठी आपल्याकडे इतका नेमका शब्द असताना ‘देवाणघेवाण’ असं मिळमिळीत भाषांतर कशाला करावं?

लागेबांधे त्या मानाने गरीब शब्द. नात्यातले, तालुक्यातले, शाळासोबती, जुने भागीदार, कोणाचेही कोणाशी असू शकतात. लागेबांधे असणं हा गुन्हा नव्हे. त्यांचा वशिला म्हणून वापर सुरू झाला की प्रश्न येतो. संगनमत म्हणजे तिसऱ्याला फसवण्यासाठी केलेली आतली जुळवाजुळव. ‘आपसांत संगनमत करून फिर्यादीची फसवणूक केली’ हे पोलिसी मराठीतलं ठरीव वाक्य. चार ठेकेदार मिळून ठरवतात की या रस्त्याची निविदा तू कमी दराने भर, पुढच्या वेळी मी; त्याला त्यांच्या बोलीत ‘रिंग करणं’ म्हणतात. ते संगनमत. त्याला मंत्री लागतोच असं नाही. बिल मंजूर करताना साहेब घेतात ती टक्केवारी, आणि टेबलावर सरकवली जाते ती चिरीमिरी.

निवडणूक रोख्यांच्या वेळी या फरकाचं भान सुटलेलं दिसलं. २०१७ साली कंपन्यांच्या देणगीवरची, मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा उठवली गेली आणि पुढच्या वर्षी रोखे आले, म्हणजे बँकेतून विकत घेऊन राजकीय पक्षाला देणगी म्हणून द्यायची पत्रं. कोणी कोणाला दिलं हे मतदाराला कळायची सोय नव्हती. १५ फेब्रुवारी २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने ही योजना घटनाबाह्य ठरवली आणि मार्चमध्ये रोखे घेणाऱ्यांच्या आणि पक्षांच्या याद्या बाहेर पडल्या. मग ज्या कंपनीने रोखे घेतले आणि जिला कुठलं तरी सरकारी कंत्राटही मिळालं होतं, तिच्या नावापुढे ‘साटेलोटे’ लागलं. काही ठिकाणी तारखा बोलक्या होत्या, ते खरं. पण हा शब्द दोन पायांवर उभा राहतो. काय दिलं आणि त्याच्या बदल्यात काय मिळालं, हे दोन्ही दाखवता आलं तर बेधडक लिहावं. एकच बाजू हाती असेल तर ‘साट्यालोट्याचा संशय’ म्हणावं. नाही तर तो नुसता शिवी होऊन बसतो.

आता क्रोनी कॅपिटॅलिझम. ‘कुडमुडी भांडवलशाही’ वृत्तपत्रांत रुळली आहे आणि कानाला झकास लागते. पण कुडमुड्या जोशी म्हणजे कुडमुडं वाजवत दारोदार भविष्य सांगणारा; त्यावरून आलेल्या विशेषणात अर्धवटपणा आणि दिखाऊपणा आहे, सत्तेशी असलेली जवळीक नाही. शिवाय त्या बिचाऱ्या जोशाने कोणाची खाण लाटली? ‘मित्रभांडवलशाही’ शब्दशः बरोबर, पण मैत्रीला उगाच बदनाम करणारी. मी ‘साट्यालोट्याची भांडवलशाही’ लिहितो. लांब आहे, पण वाचणाऱ्याला फोड करून सांगावी लागत नाही.

जाता जाता व्याकरणाचं. ‘लागेबांधे’ पुल्लिंगी अनेकवचनी, म्हणून ‘त्यांचे लागेबांधे आहेत’. ‘साटेलोटे’ मात्र नपुंसकलिंगी एकवचनी, बोलीतलं साटंलोटं. म्हणून ‘त्यांचे साटेलोटे आहे’. बातम्यांत दिसणारं ‘साटेलोटे आहेत’ हे लागेबांध्यांच्या संगतीने बिघडलेलं रूप.