उद्या सकाळी पंच नसेल

बडोदे, शनिवार संध्याकाळ

चि. पुतणीस अनेक आशीर्वाद.

तुझी गोल्फची तीन कार्डं जमा झाली, हँडिकॅप (सवलतीच्या फटक्यांचा आकडा) मिळाला, उद्याच्या वीकलीच्या, म्हणजे आठवड्याच्या स्पर्धेच्या, ड्रॉमध्ये नावही लागलं. स्विंगबद्दल एक अक्षर लिहीत नाही. आदल्या रात्री स्विंगला कुणी हात लावू नये, आणि काकाने तर मुळीच नाही.

तू मोतीबागेवर क्रिकेट खेळत वाढलीस. तिथे बॅटची कड लागली तरी पंचाचं बोट वर जाईपर्यंत उभं राहिलेलं चालतं, त्याला कुणी लबाडी म्हणत नाही. इथे पंचच नाही. रफमध्ये (वाढलेल्या गवतात) बॅकस्विंग घेताना क्लब लागून बॉल अर्ध्या इंचाने सरकला, हे तुझ्याशिवाय कुणाला दिसत नाही आणि त्याचा दंडाचा फटका मोजायचा तूच. नवीन माणसाची अडचण नियम ठाऊक नसण्याची कमी आणि ‘कुणी काही म्हटलं नाही म्हणजे ठीकच असेल’ या सवयीची जास्त असते.

आधी आकडे. इंडेक्स (हँडिकॅपचा नोंदलेला आकडा) वेगळा आणि उद्या मिळणारे सवलतीचे फटके वेगळे, यात सगळे गोंधळतात. तुझ्या तीन कार्डांपैकी सर्वात चांगला डिफरन्शियल (कोर्सचा अवघडपणा धरून काढलेला फेरीचा आकडा) 29.5 होता. तीनच कार्डं असली की त्यातून 2 वजा होतात, म्हणून इंडेक्स 27.5. (20 कार्डं झाली की त्यातल्या उत्तम 8 ची सरासरी.) आता समज, ज्या टीवरून (पहिला फटका मारायच्या जागेवरून) खेळायचं तिचा स्लोप (सामान्य खेळाडूला किती अवघड ते) 120, कोर्स रेटिंग (निष्णात खेळाडूला लागणारे फटके) 70.5 आणि पार (ठरवून दिलेले फटके) 72 आहे. 27.5 ला 120 ने गुणून 113 ने (हा प्रमाण स्लोप) भाग, 29.2 येतात. रेटिंग पारपेक्षा 1.5 ने कमी, ते वजा केले की 27.7. स्टेबलफोर्डला (होलवार गुणांच्या खेळाला) त्याचे 95 टक्के धरतात, म्हणजे 26. तुझ्या टीचे खरे आकडे कार्डावर छापलेले असतात, ते घालून हे गणित आज रात्रीच एकदा कर.

26 म्हणजे प्रत्येक होलला एक फटका, आणि स्ट्रोक इंडेक्स (होलच्या अवघडपणाचा क्रम) 1 ते 8 असलेल्या आठ होलना दोन. स्ट्रोक इंडेक्स 5 चा, पार 4 असलेला होल घे. तिथे तुला दोन मिळतात, म्हणून 6 मारलेस तर नेट (सवलत वजा करून) पार, गुण 2. सात मारलेस तर 1. आठला शून्य. म्हणजे सातवा फटका मारूनही बॉल होलमध्ये गेला नसेल तर बॉल उचल आणि चालू लाग. नवीन माणूस इथे इरेला पडतो, शून्याऐवजी शून्यच मिळवण्यासाठी आणखी चार पुट (होलकडे घरंगळवलेले फटके) मारतो आणि मागचे चौघे फेअरवेवर (आखूड गवताच्या पट्ट्यात) ताटकळतात. हँडिकॅपसाठी त्या होलचा आकडा नेट डबल बोगीच (पार अधिक सवलत अधिक दोन, इथे आठ) धरला जातो, त्यामुळे उचलल्याने काही बुडत नाही.

पहिल्या टीवर जाण्याआधी बॅगेतले क्लब मोज. चौदाच्या वर एकही नको. घरी सरावाला घेतलेली जुनी वेज हमखास तशीच राहून जाते, आणि दंड होलला दोन फटके, फेरीत चारपर्यंत. बॉलवर मार्कर पेनने स्वतःची खूण कर. चौघांपैकी दोघांचा बॉल एकाच कंपनीचा आणि एकाच नंबरचा निघणं अगदी रोजचं आहे, आणि दुसऱ्याचा बॉल मारलास तर दोन फटके. टीच्या खुणांच्या पुढे बॉल ठेवू नकोस. मागे दोन क्लबइतक्या अंतरापर्यंत कुठेही चालतं.

आता कॅडी, म्हणजे बॅग वाहणारा मदतनीस. आपल्याकडे कॅडीशिवाय गोल्फ नाही, आणि चांगला कॅडी तुला दहा फटके वाचवून देईल. पण नियमाच्या दृष्टीने त्याने केलेलं ते तू केलेलं. माया म्हणून तो झाडाखालचा बॉल बुटाच्या टोकाने हळूच मोकळ्यावर आणतो. त्याला वाटतं सेवा केली. त्या सेवेचा तुला एक फटका दंड, आणि बॉल पुन्हा जिथे होता तिथे ठेवायचा. तसाच मारलास तर दोन. आड येणारी फांदी त्याने मोडली तरी दोन. म्हणून पहिल्या टीवरच त्याला सरळ सांग, ‘भाई, बॉलला पाय नाही, फांदीला हात नाही.’ पहिल्याच वाक्यात सांगितलं की त्याला अपमान वाटत नाही, आणि तिसऱ्या होलला सांगितलं की वाटतो.

दुसरं, तू स्टान्स घेत असताना त्याने तुझ्या मागे, रेषेत उभं राहून दिशा दाखवायची नाही. राहिलाच तर तू बाजूला हो, त्याला हटव आणि पुन्हा उभी राहा, दंड लागत नाही. कुठला क्लब घ्यायचा हे फक्त त्यालाच विचार. बरोबर खेळणाऱ्याला ‘तुम्ही सात नंबर मारलात का?’ म्हटलंस की दोन फटके. झेंडा किती यार्डांवर आहे, बंकर (वाळूचा खड्डा) किती लांब, हे मात्र कुणालाही विचारता येतं. अंतर ही सल्ल्यात मोडणारी गोष्ट नाही.

बॉल झाडीकडे किंवा हद्दीच्या पांढऱ्या खुंट्यांकडे गेला तर पुढे चालायच्या आधी दुसरा मार, आणि मारताना ‘प्रोव्हिजनल’ (तात्पुरता) हा शब्द तोंडाने उच्चार. ‘आणखी एक मारतो’, ‘सेफ्टीला एक’, हे चालत नाही. तो प्रोव्हिजनल आहे हे स्पष्ट न सांगता मारलास तर तोच तुझा बॉल ठरतो, तिसरा फटका धरून, आणि पहिला आगेवाल्याने (बॉल कुठे पडतो ते बघायला पुढे थांबणाऱ्याने) फेअरवेच्या मधोमध शोधून दिला तरी बाद. शब्द उच्चारला असेल आणि पहिला तीन मिनिटांत हद्दीच्या आत सापडला, तर पहिलाच खेळावा लागतो, कितीही वाईट पडलेला असो. ‘दुसरा बरा आहे, तोच घेते’ ही सोय नाही. तीन मिनिटं म्हणजे घड्याळातली, गप्पांमधली नव्हे. तू किंवा तुझा कॅडी शोधायला लागलात की मोजणी सुरू.

माकड किंवा कावळा बॉल घेऊन गेला तर? दिसला असेल, किंवा तसंच झालं याची जवळजवळ खात्री असेल, तर दंड नाही. जिथून उचलला तिथे दुसरा बॉल ठेव. नुसतं ‘नेला असेल’ म्हणून भागत नाही. मग तो हरवलेलाच.

नाल्याच्या लाल खुंट्या आल्या की बहुतेकजण बॉल जिथे पाण्यात दिसतो त्याच्या समोर ड्रॉप करतात. चूक. बॉलने शेवटी ज्या ठिकाणी लाल रेषा ओलांडली ते ठिकाण शोध, तिथून होलच्या जवळ न जाता दोन क्लबलांबीच्या आत ड्रॉप कर, एक फटका दंड. लांबी मोजायची ती पुटर सोडून बॅगेतल्या सर्वात लांब क्लबने, म्हणजे बहुधा ड्रायव्हरने. ड्रॉप गुडघ्याच्या उंचीवरून, हात सोडून. फेकायचा नाही, फिरकी तर नाहीच (तुझी लेगस्पिन माहीत आहे). दोनदा टाकूनही ठरलेल्या जागेबाहेर घरंगळला, तर दुसऱ्यांदा जमिनीला जिथे टेकला तिथे हाताने ठेव.

बंकरमध्ये उतरायचं ते सखल बाजूने, परत येताना आपल्याच पावलांवरून. फटक्याआधी क्लब बॉलच्या मागे वाळूवर टेकवायचा नाही. 2019 पासून सुकलेलं पान उचलता येतं, पण ते उचलताना बॉल हलला तर एक फटका. दाताळं मारून बाहेर ये.

ग्रीनवर (होलभोवतीच्या गुळगुळीत कापलेल्या गवतावर) मात्र थोडं थांबून वाच, कारण लोकांची नाराजी सगळ्यात जास्त इथेच होते, आणि तोंडावर कुणी बोलत नाही.

पोहोचलीस की आधी आपल्या बॉलने केलेला खळगा शोध. फोर्क किंवा टी खळग्याच्या कडेला, किंचित बाहेर खुपस आणि गवत मध्याकडे ढकल. चारी बाजूंनी असं केलं की पुटरच्या तळाने थोपट. लोक फोर्क खाली घालून माती वर उचकटतात, त्याने मुळं तुटतात आणि दोन दिवसांनी तिथे तपकिरी टक्कल दिसतं. आपल्याकडच्या बर्म्युडा गवताची वाढ थंडीत खूप मंदावते, त्यामुळे डिसेंबरातलं टक्कल फेब्रुवारीपर्यंत तसंच. फेअरवेवरचा डिव्हॉटही याच गवताचा. उडालेला तुकडा परत बसवून तो जगत नाही. कॅडीच्या पिशवीतली वाळू घाल, जमिनीच्या पातळीत आण आणि बुटाने दाब.

बॉल उचलायचा तर मागे नाणं ठेवून मग. दुसऱ्याच्या रेषेत येत असेल तर नाणं पुटरच्या डोक्याइतकं बाजूला सरकव. परत जागेवर आणायचं विसरलीस आणि पुट मारलीस तर दोन फटके, आणि हे भल्याभल्यांचं होतं. उपाय सोपा आहे, सरकवलेलं नाणं उलटं ठेव. उलटं नाणं दिसलं की आठवतं. दुसऱ्याच्या बॉलपासून होलपर्यंतच्या रेषेवर पाय टाकू नकोस. सकाळी सूर्य खाली असतो, तेव्हा सावलीचंही बघ. झेंडा आत ठेवून पुट मारलेला चालतो, त्यावर वाद घालत बसू नकोस.

‘अहो, दिला, उचला’ हे तुला दर दुसऱ्या ग्रीनवर ऐकू येईल, दीड फुटावरचा पुट सोडून देणारं प्रेमळ वाक्य. मॅचप्लेमध्ये (समोरासमोरच्या होलवार लढतीत) तो हक्क प्रतिस्पर्ध्याला असतो. स्टेबलफोर्डमध्ये असा हक्कच नाही. बॉल आत पडला नाही तर त्या होलचे गुण शून्य. नम्रपणे ‘घालतेच’ म्हण आणि घाल.

बॅग ठेवायची ती ग्रीनच्या पुढच्या टीकडल्या बाजूला. आकडे लिहायचे ते पुढच्या टीवर, ग्रीनवर उभं राहून नव्हे. ज्याची तयारी झाली त्याने मारावं, मानपानाचा क्रम घरच्या पंगतीत. आपली पाळी आली की 40 सेकंद पुरतात. पुढे एक होल रिकामं दिसत असेल आणि मागचे येऊन थांबले असतील, तर त्यांना पुढे जाऊ दे.

पावसाळ्यात आणखी दोन गोष्टी. उभं राहताना बुटाभोवती पाणी वर येत असेल तर फुकट ड्रॉप मिळतो. बॉल उचलून सरकवण्याची परवानगी मात्र सूचना फलकावर लिहिलेली असेल तरच, आणि लिहिली असेल तितक्याच अंतरात. भोंगा झाला की हातातला फटका अर्धा टाकून आत यायचं. विजा सुरू असताना हा सगळ्यात कडक नियम आहे, मोडला की फेरीच बाद.

कार्डावर तुझे आकडे तुझा मार्कर (बरोबर खेळणाऱ्यांपैकी नेमलेला) लिहितो, तू दुसऱ्याचे. संपल्यावर होलवार मोठ्याने वाचून ताडून बघा. प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा सहीनिशी गेला आणि त्याने गुण बदलले तर संपूर्ण कार्ड बाद. जास्त गेला तर तोच कायम. बेरीज आणि गुण समितीचं काम, होलचा आकडा तुझा. अठराव्या ग्रीनवर टोपी काढून चौघांशी हात मिळव, कॅडीचा हिशेब तिथेच चुकता कर, आणि कार्ड पेटीत पडल्यावरच सेव-उसळीची ऑर्डर दे.

तुझा काका

ता. क. नाणं एक रुपयाचं घे. दहाचं उन्हात चमकतं आणि पुटवर वाकलेल्या माणसाच्या नेमकं डोळ्यात जातं.