ग्रंथी मोठी, म्हणजे काम जास्त?

प्रश्न : वय 34. सोनोग्राफीत थायरॉईड वाढलेला निघाला : उजवी बाजू 5.2 × 2.1 × 2.0 सें.मी., डावी 5.0 × 1.9 × 1.8. पोत असमान, गाठ नाही. टीएसएच 2.6. सासूबाईंची ग्रंथी उलट आक्रसलेली, आणि त्या रोज गोळी घेतात. माझा थायरॉईड जास्त काम करतो का? आमच्याकडे रोज मासे असतात, मीठ शिरोड्याचं खडं. मग आयोडीन कमी कसं पडेल?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : नाही, तुमची ग्रंथी जास्त काम करत नाही. तसं असतं तर टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारा पिट्युटरी ग्रंथीचा हार्मोन; थायरॉईड जास्त काम करू लागला की तो घटतो) 0.4 च्या खाली गेला असता. 2.6 अगदी ठीक आहे.

आकार असा काढतात : लांबी × रुंदी × जाडी × 0.52. तुमची उजवी बाजू साधारण 11.4 मि.लि., डावी 8.9, मिळून 20. बायकांमध्ये 18 पर्यंत ठीक धरतात, म्हणजे वाढ आहे ती थोडीच.

ग्रंथी वाढण्याची कारणं वेगवेगळी असतात. आयोडीन कमी पडलं की टीएसएच तिला वाढायला लावतो. ग्रेव्हज आजारात अँटीबॉडीज तिला सतत चेतवत राहतात, तिथे मात्र हार्मोन खरंच जास्त तयार होतं. हाशिमोटो आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर हल्ला करते; त्यात ती आधी सुजते, आणि पुढे वर्षानुवर्षं पेशी मरत जाऊन आक्रसते. सासूबाईंचं बहुधा हेच झालं असावं. असमान पोत या सुजेतही दिसतो, म्हणून तुम्ही अँटी-टीपीओ (हाशिमोटोत वाढणारी अँटीबॉडी, रक्तात तपासतात) तपासून घ्या. तो वाढलेला निघाला तरी आज गोळी लागत नाही. वर्षातून एकदा टीएसएच बघायचा. दिवस राहायचा विचार असेल तर मात्र आधीच डॉक्टरांना सांगा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तपासणीआधी दोन दिवस बंद ठेवा, रिपोर्ट चुकतो.

आता मीठ. समुद्राच्या पाण्यापासून केलं तरी मिठागरातल्या खड्या मिठात आयोडीन जवळपास नसतंच. माशांतून मिळतं, पण प्रत्येक माशात सारखं नाही. आयोडीनयुक्त मिठात दर ग्रॅमला किमान 15 मायक्रोग्रॅम असतं. मोठ्या माणसाची रोजची गरज 150. खडं मीठ लोणच्याला, मासे खारवायला खुशाल वापरा, पण रोजच्या आमटी-भाताला आयोडीनयुक्तच घ्या. बरणी घट्ट झाकणाची हवी. आपल्याकडच्या पावसाळ्यात उघड्या मिठाला पाणी सुटतं आणि आयोडीन कमी होतं. मीठ शिजवताना शेवटी घाला.

गिळताना अडकणं, आडवं पडल्यावर दम लागणं, आवाज बसून तो न सुटणं किंवा गळ्याला कडक गाठ लागणं, यातलं काहीही झालं तर टीएसएच ठीक आहे म्हणून थांबू नका, लगेच दाखवा.