कृषी पदवी आणि वन्यजीवांचं काम

तुझं पत्र वाचलं. बी.एस्सी. कृषीच्या शेवटच्या वर्षाला आहेस, जीव मात्र वन्यजीवांत अडकलाय. ‘माझी वर्षं फुकट गेली, आता पहिल्यापासून प्राणिशास्त्र शिकू का?’ असं विचारतेस.

नको. हातातली पदवी आधी पूर्ण कर.

जगातल्या राहण्याजोग्या जमिनीपैकी जवळपास निम्मी शेती आणि चराईखाली आहे. तिथे काय पेरायचं, काय पडीक ठेवायचं हे अनुदान, हमीभाव आणि बाजार ठरवतात. अभयारण्याबाहेर राहणाऱ्या असंख्य पक्ष्या-प्राण्यांचं भवितव्यही त्यातच ठरून जातं.

अमेरिकेचं बघ. तिथे १९८५ च्या शेती कायद्यात एक योजना आली. धूप होणारी जमीन दहा ते पंधरा वर्षं पिकाखालून काढायची, तिच्यावर गवत वाढू द्यायचं आणि सरकारने त्याचं भाडं द्यायचं. मुख्य हेतू माती वाचवणं आणि जादा उत्पादन आवरणं. पण त्या गवतात रानबदकं आणि माळावरचे पक्षी घरटी करू लागले. २००७ मध्ये योजनेत सुमारे ३.६८ कोटी एकर जमीन होती. त्याच सुमारास पेट्रोलमध्ये मक्यापासून बनणारं इथेनॉल मिसळण्याचं बंधन वाढलं आणि मक्याचे भाव चढले. मग करार संपताच अनेकांनी गवत नांगरून मका घेतला. २०१४ च्या कायद्याने तर योजनेची मर्यादाच २.४ कोटी एकरांवर आणली. निर्णय इंधनाचा होता, जागा गेली घरट्यांची. हे वेळीच ओळखायला पक्षितज्ज्ञाच्या शेजारी मक्याच्या भावावर डोळा ठेवणारं कुणीतरी बसायला हवं. ती खुर्ची तुझी असू शकते.

युरोपीय संघातही धान्याचे साठे आवरायला १९९२ पासून मोठ्या शेतकऱ्यांना काही जमीन पडीक ठेवावी लागे. त्याचा लाभ चंडोलासारख्या पक्ष्यांना आपोआप मिळाला. भाव वाढले, आणि २००८ मध्ये ती अट गेली.

तुला शेत कळतं, ही तुझी जमेची बाजू कशी, तेही सांगतो. कॉर्नक्रेक नावाचा पक्षी गवताच्या कुरणात घरटं करतो. कापणीयंत्र कडेकडेने आत येऊ लागलं की पिल्लं मधल्या उभ्या गवतात सरकत जातात आणि शेवटच्या फेरीत सापडतात. स्कॉटलंडमध्ये शेतकऱ्यांना पैसे देऊन कापणी उशिरा आणि मधून बाहेर करायला लावली, तेव्हा हा पक्षी पुन्हा वाढला. आता उशिरा कापलेल्या चाऱ्याचा कस किती उतरतो आणि त्याची भरपाई किती द्यावी, याचं उत्तर प्राणिशास्त्राच्या वर्गात मिळत नाही.

पुढे कृषी अर्थशास्त्रात किंवा परिसंस्थाशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घे. माझा कल अर्थशास्त्राकडे आहे, कारण संवर्धनाकडे त्या वाटेने येणारे कमी भेटतात. सोबत संख्याशास्त्र पक्कं कर आणि जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे आणि जागांची माहिती हाताळण्याचं तंत्र, शीक. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांनी टिपलेली जमिनीची चित्रं २००८ पासून फुकट मिळतात, तेव्हा सरावाला सबब नाही. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी एकच परिसर निवड. तिथली पीकपद्धती कोणत्या धोरणामुळे बदलली आणि बांध, कुरणं, पाणथळ जागा किती उरल्या, एवढंच नकाशावर दाखव. मुलाखतीत गुणपत्रिकेपेक्षा हा प्रकल्प जास्त बोलेल. प्रजाती ओळखणं मात्र शिकावंच लागेल. त्यासाठी पदवी लागत नाही, अनुभवी निरीक्षकांबरोबर नियमित फिरावं लागतं.

एक गोष्ट आताच ऐकून ठेव. या कामात दुर्बिणीपेक्षा तक्ते आणि बैठकाच जास्त. उत्पन्न बुडतं म्हणून चिडलेल्या शेतकऱ्याचं म्हणणंही शांतपणे ऐकावं लागतं, आणि बहुतेक वेळा त्याचा हिशेब बरोबरच असतो. हे नकोसं वाटत असेल, दिवसभर रानातच राहायचं असेल, तर प्राणिशास्त्राचा विचार जरूर कर. पण तो या कारणासाठी कर, वर्षं फुकट गेल्याच्या समजुतीने नको.